सायकलच्या दिव्याची शिदोरी



‘सायकलला प्रखर दिवा लावायचा आहे, तर बॅटरी कोणती घ्यावी?’ हा प्रश्न मला गेल्या दोन वर्षांत इतक्या जणांनी विचारला आहे की, आजचा विषय निवडताना मला फारसा विचार करावा लागला नाही. प्रश्न साधा दिसतो. विचारणाऱ्याची अपेक्षा असते की, आपण एखाद्या मालाचे नाव सांगावे आणि त्याने संध्याकाळी तो माल विकत आणावा. परंतु मी त्याला उलट विचारतो, ‘तुम्ही कोणत्या रस्त्याने जाता? किती वाजता निघता? वाटेत उतार किती?’ तेव्हा तो थोडा नाराज होतो. वैद्याकडे औषध मागायला जावे आणि वैद्याने आहार-निद्रा विचारीत बसावे, तसे त्याला वाटते. पण या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून बॅटरीचा विचार करताच येत नाही, हेच मला आज तुमच्यापुढे मांडायचे आहे.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे ‘बॅटरी’ म्हणजे हातात धरायची विजेरी. ‘बॅटरी घेऊन ये रे, गोठ्याकडे काहीतरी खुसफुसते आहे,’ असे आपण म्हणतो. विजेरीत जे घालतो त्याला आपण ‘सेल’ म्हणतो, शाळेच्या पुस्तकात त्याला ‘घट’ म्हणतात आणि असे अनेक घट जोडले की त्या मालिकेला शास्त्रीय अर्थाने बॅटरी म्हणावयाचे. आज मी दिव्याला दिवा, एकेका नगाला घट आणि त्यांच्या जोडणीला बॅटरी म्हणणार आहे.

आता रस्त्याकडे वळू. रत्नागिरी हे काही पुण्यासारखे सपाटीवरचे गाव नव्हे. मारुती मंदिराकडून खाली एस. टी. स्टँडकडे यायचे तर उतार, परत जायचे तर चढ. भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या वाटेला लागावे तर सड्यावर चढायचे, आणि येताना तोच चढ उतार होऊन पायांखाली येतो. हातखंब्याच्या तिठ्याकडे गेलात तरी तीच कथा. शहरातले दिवे संपले की पुढे काळोख, आणि त्या काळोखात रस्त्याच्या मधोमध निवांत बसलेली काळी म्हैस! म्हशीला पाठीमागचा लाल दिवा नसतो, ही गोष्ट सायकलवाल्याने सदैव ध्यानात ठेवावी.

या म्हशीपासूनच आपण हिशेबाला सुरुवात करू. ताशी २० किलोमीटर वेगाने तुम्ही चालला आहात. सेकंदाला साडेपाच मीटर झाले. म्हैस दिसल्यापासून बोटांनी ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद जातो. तेवढ्यात आठ मीटर अंतर कापले जाते. मग ओल्या रस्त्यावर सायकल थांबायला आणखी सहा मीटर. एकूण चौदापंधरा मीटर. आता उतारावर वेग ४० झाला. तर दीड सेकंदात जवळजवळ सतरा मीटर, आणि थांबायला पंचवीस. म्हणजे एकूण चाळीसच्या पलीकडे. वेग दुप्पट झाला, पण लागणारे अंतर जवळजवळ तिप्पट झाले. आणि प्रकाशाचा स्वभाव असा की, अंतर तिप्पट झाले तर वस्तूवर पडणारा प्रकाश नवव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे सपाटीवर जो दिवा पुरतो, त्याच्या आठनऊ पट दिवा उतारावर हवा. सपाटीवर राहणाऱ्या माणसाला दिव्याविषयी विचारून आपण सल्ला का घेऊ नये, याचे कारण या गणितात आहे.

प्रकाश मोजण्याचे एकक ल्युमेन. मेणबत्ती बारातेरा ल्युमेन देते. चाकाला घासून फिरणाऱ्या जुन्या डायनॅमोवरचा पिवळा बल्ब तीसचाळीस ल्युमेन देत असे आणि त्यावर आपल्या वडिलांच्या पिढीने अर्धी हयात काढली. त्याही आधी कार्बाइडचे दिवे होते. खड्यांवर पाणी ठिबकायचे, त्यातून ॲसिटिलीन वायू निघायचा आणि तो जळायचा. उजेड पांढरा, पण वास असा की माणूस येण्याआधी त्याचा दिवा घरात यावा. कंदील असो, कार्बाइड असो, दिव्यावाचून सायकल चालवली की कोपऱ्यावरचा शिपाई हवा सोडून देई, हे सांगणारे वृद्ध अजून पुष्कळ घरांत भेटतील.

हे सारे मागे पडले ते एल.ई.डी.मुळे. निळ्या प्रकाशाचा एल.ई.डी. घडवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळा साधला म्हणून पांढरा साधला, आणि पांढरा साधला म्हणून आज एका वॅटमध्ये शंभर ल्युमेन मिळणे ही सामान्य गोष्ट झाली आहे. पाच वॅटचा चांगला दिवा ४०० ते ५०० ल्युमेन देतो. जुना ४० वॅटचा घरगुती बल्ब एवढाच प्रकाश देत असे. तो संबंध खोलीभर पसरायचा, हा एका झोतात रस्त्यावर पडतो. तेव्हा आपला आकडा ठरला. शहरात अर्धा ते दीड वॅट पुरे, उतारावर पाच वॅट हवेत. वीस वॅटचे दिवेही बाजारात मिळतात. ते समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवतात आणि पाऊस असला तर आपलेही. कारण थेंबाथेंबावरून प्रकाश परत आपल्याच तोंडावर येतो.

दिवा ठरला, आता शिदोरी. विजेची शिदोरी वॅट-तासांत मोजावी, आणि हा एक शब्द तुम्ही येथून घरी घेऊन गेलात तरी माझे काम झाले. पाच वॅटचा दिवा एक तास जळला की पाच वॅट-तास खर्च झाले. घटावर मात्र हा आकडा क्वचितच छापलेला असतो. तेथे व्होल्ट आणि मिलिअँपिअर-तास असतात. माडीवरच्या हौदाचे उदाहरण घ्या. हौद किती उंचीवर आहे, हे झाले व्होल्ट. हौदात पाणी किती मावते, हे झाले अँपिअर-तास. नुसता हौद मोठा असून काय उपयोग? तो जोत्यावर ठेवला तर नळाला धार येणार नाही. उंची आणि मावणी यांचा गुणाकार केला म्हणजे खरी शक्ती कळते. ३.६ व्होल्टचा, ३००० मिलिअँपिअर-तासांचा घट म्हणजे ३.६ गुणिले ३, बरोबर १०.८ वॅट-तास.

तोच गुणाकार मोबाइलच्या ‘पॉवर बँके’ला लावून पाहा. तिच्यावर दहा हजार असे ठसठशीत लिहिलेले असते. ते आतल्या घटाच्या ३.७ व्होल्टला धरून लिहिलेले असते. म्हणजे शिदोरी ३७ वॅट-तासांची. बाहेर मात्र ती पाच व्होल्ट देते. उंची वाढवली की मावणी कमी होणारच, आणि वाटेत थोडी गळतीही होते. म्हणून प्रत्यक्षात सहा हजारांच्या आसपास पदरात पडते. यात फसवणूक नाही, पण ग्राहकाला गणित येत नाही यावर थोडा भरवसा ठेवलेला आहे, एवढे खास.

आता बाजारात घटांच्या जाती कोणत्या, ते पाहू. सर्वांत जुनी जात म्हणजे जस्त-कार्बनचा कोरडा घट. लक्लांशे याने १८६६ साली त्याचा पूर्वज तयार केला. आपल्या घरातल्या विजेरीतले मोठे सेल आणि भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल हे त्याच वंशातले. घड्याळाला तो वर्षभर पुरतो, म्हणून लोकांना वाटते की तो दिव्यालाही पुरेल. पण घड्याळ थेंबथेंब पिते आणि पाच वॅटचा दिवा घटाघटा पितो. जोराने ओढू लागले की हा घट लगेच दम टाकतो. त्याच्यापेक्षा अल्कलाईन घट बराच बरा. पण त्यालाही अँपिअरभर प्रवाह मागितला तर त्याची निम्मी शक्तीही हाती लागत नाही. शिवाय संपला की फेकायचा. रोज जाणाऱ्याला हा खर्च परवडणार नाही. संकटकाळी वाण्याच्या दुकानात मिळतो, हाच त्याचा मोठा गुण, आणि त्याची किंमत मी पुढे सांगणार आहे.

दुसरी जात शिसे-आम्लाची. स्कूटरीत असते, घरच्या इन्व्हर्टरमध्ये असते. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बंद पेटी घ्या. कागदावर ८४ वॅट-तास, आणि किंमत स्वस्त. काही हुशार तरुण ती सायकलच्या दांड्याला बांधतात. त्यांच्या हौसेचे मला कौतुक वाटते, पण तिचे वजन अडीच किलोच्या आसपास भरते. चार सोललेले नारळ बांधून रोज चढ चढण्यासारखे आहे! बरे, त्या ८४ पैकी निम्मेच वापरावेत. तळ गाठला की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, आणि रिकामी करून पावसाळाभर कोपऱ्यात ठेवली तर तिच्या पट्ट्यांवर असे कीट बसते की पुढे ती वीज घेतच नाही. एका जागी बसणाऱ्या दिव्याला ती उत्तम, पायाने ओढायच्या वाहनाला नव्हे.

तिसरी जात निकेल-मेटल-हायड्राइडची. दिसायला पेन्सिल सेलसारखीच, पण पुन्हा पुन्हा भरता येणारी. एकेक घट १.२ व्होल्टचा. २००० मिलिअँपिअर-तासांचे चार घट ओळीने लावले की ९.६ वॅट-तास होतात आणि वजन शंभर ग्रॅमच्या थोडे वर. यांचा पूर्वी एक दोष होता. भरून ठेवले तर महिन्याभरात आपोआप रिते होत. २००५ नंतर कमी गळणारे घट आले आणि हा दोष बराचसा गेला. ही जात सोशिक आहे. थोडी जास्त भरली, थोडी जास्त रिकामी झाली, तर रुसते, पण पेट घेत नाही. घरात लहान मुले असतील, चार्जर कोण कधी लावील आणि कधी काढील याचा नेम नसेल, तर मी हिचीच शिफारस करतो.

चौथी जात लिथियम-आयनची, आणि आजचे खरे राज्य तिचे आहे. १९९१ साली सोनी कंपनीने ती प्रथम बाजारात आणली, आणि तिच्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. दिव्यांत बहुधा ‘१८६५०’ या आकाराचा घट असतो. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, म्हणून हे नाव. वजन ४५ ते ५० ग्रॅम आणि पोटात दहा ते बारा वॅट-तास. म्हणजे चार निकेल घटांचे काम हा एकटा, निम्म्याहून कमी वजनात करतो. शिवाय त्याचे ३.६ व्होल्ट आणि एल.ई.डी.ला लागणारे सुमारे ३ व्होल्ट यांची जोडी छान जमते.

तिचीच एक बहीण आहे, लिथियम-लोह-फॉस्फेट. ३.२ व्होल्टची. वजनाच्या मानाने शिदोरी थोडी कमी, पण स्वभाव शांत आणि आयुष्य दीर्घ. दोन हजार वेळा भरली तरी टिकते. सौर दिव्यांच्या पेट्यांत ती पुष्कळदा असते. वजनाची फार फिकीर नसेल आणि स्वतः जोडणी करण्याची हौस असेल, तर ही निवड चांगली. मात्र तिचा चार्जर निराळा असतो. ही ३.६५ व्होल्टला भरते, ती ४.२ ला. एकीचा चार्जर दुसरीला लावणे म्हणजे विषाची परीक्षा घेणे होय.

लिथियमच्या बाबतीत मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण येथे चूक झाली तर ती महागात पडते. तिला मर्यादेबाहेर भरली, मर्यादेखाली उतरवली, चेपली, किंवा तिची दोन टोके किल्ल्यांच्या जुडग्याने जोडली गेली, तर ती तापते आणि एकदा भडकली की विझवणे कठीण. म्हणून घटाच्या आत किंवा दिव्यात संरक्षक मंडल असलेच पाहिजे. आपल्या देशात अशा घटांना भारतीय मानक आय. एस. १६०४६ लागू आहे, तो शिक्का पाहून घ्यावा. सुटे घट खिशात टाकू नयेत, प्लॅस्टिकच्या डबीत ठेवावेत. रात्री गादीवर चार्जिंगला लावून झोपू नये. ही सूचना अनावश्यक वाटणाऱ्याने आपली गादी कापसाची आहे हे आठवावे.

आणि आता खोट्या मालाविषयी. या आकाराच्या चांगल्यातल्या चांगल्या घटात साडेतीन हजारांच्या आसपास मिलिअँपिअर-तास मावतात. असे असता बाजारात ‘९९००’ असे छापलेले घट राजरोस विकले जातात. मी स्वतः त्याला फसलो आहे. एका दुकानातून, नाव कशाला सांगू, मोठ्या आकड्याचे दोन घट मी आणले. आषाढातली रात्र, पावसकडून येत होतो. सडा संपून रस्ता भाट्यात उतरायला लागतो तेथे दिवा पूर्ण तेजावर केला आणि दोनतीन मिनिटांत तो विझला. मंद होऊन नव्हे. कोणी फुंकर मारावी तसा. एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला समोरून येणारा ट्रक, आणि मी ब्रेक दाबून काळोखात उभा. ट्रक गेला. मी सायकल हातात धरून पुलापर्यंत चालत आलो. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ते घट ठेवले, तर एकेकाचे वजन तीस ग्रॅमसुद्धा भरेना. घटाला हलके राहून भारी होता येत नाही. तेव्हापासून घट घेतला की आधी काटा, मग घड्याळ. घड्याळ म्हणजे काय, तर दिवा पूर्ण तेजावर लावून पंख्याखाली ठेवायचा आणि किती वेळ जळतो ते मोजायचे. आलेल्या तासांना वॅटने गुणा, खरी शिदोरी समजली. यापेक्षा निराळी प्रयोगशाळा सायकलवाल्याला लागत नाही.

पण त्या रात्रीने मला आणखी एक गोष्ट शिकवली. जुना पिवळा बल्ब आणि कोरडे सेल यांची जोडी मरताना पूर्वसूचना देई. आधी उजेड पिवळा, मग तांबूस, मग निखाऱ्यासारखा, आणि तोवर आपण घरी पोचत असू. आजच्या दिव्यात घटाचे व्होल्ट कमी झाले तरी प्रकाश एकसारखा ठेवणारी यंत्रणा असते. ही सोयच आहे. पण शेवटच्या क्षणापर्यंत तो दिवा तेजस्वी राहतो आणि संरक्षक मंडलाने तोडले की एकदम काळोख. घट जितका चांगला, तितका तो अचानक जातो. म्हणून शिदोरी खर्चाइतकीच घेणे हा हिशेब चुकीचा. पुष्कळ दिव्यांवर शिल्लक दाखवणारा लहान ठिपका असतो, तो उतार लागण्यापूर्वी पाहावा, उतार लागल्यावर नव्हे.

आता प्रत्यक्ष हिशेब करू. समजा, रत्नागिरीहून पावसला काळोख पडल्यावर जायचे आहे. सव्वा तास धरा. सबंध वेळ पाच वॅट जाळले तर सव्वासहा वॅट-तास. यंत्रणेतली गळती धरून सात. पण चढावर तुमचा वेग ताशी सातआठ किलोमीटर. तेथे पाच वॅट कशाला? एक तास दीड वॅटवर आणि उताराची पंधरा मिनिटे पाच वॅटवर, तर एकूण पावणेतीन, गळतीसह तीन. एका अस्सल १८६५० घटात पावणेअकरा आहेत. घट जुना होईल म्हणून पाचवा हिस्सा सोडून द्या. तरी दोन संध्याकाळी सुखाने निघतात. म्हणजे या माणसाला मोठी बॅटरी नकोच आहे. त्याला एक बदलता येणारा घट, त्याच्या जोडीला डबीत दुसरा भरलेला घट, आणि दिव्याची कळ वेळीच दाबण्याची सवय हवी आहे. ज्या दिव्यात घट कायमचा बंद केलेला असतो तो मी घेत नाही. दोनतीन वर्षांनी घट म्हातारा होतो आणि धडधाकट दिवा त्याच्याबरोबर सती जातो.

ज्यांना संबंध रात्र काढायची आहे त्यांची गोष्ट वेगळी. आता महाराष्ट्रात ‘ब्रेव्हे’ नावाच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या होतात. ४०० किलोमीटरच्या फेरीला २७ तासांची मुदत असते, म्हणजे एक रात्र सायकलवर जाणारच. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा असल्याखेरीज रात्री चालवू देत नाहीत. सरासरी तीन वॅट आणि अकराबारा तास, म्हणजे ३५ वॅट-तास झाले. येथे चार घटांची बॅटरी शोभते. दोन घट एकापुढे एक लावले म्हणजे उंची दुप्पट, ७.२ व्होल्ट, अशा दोन जोड्या शेजारी शेजारी लावल्या म्हणजे मावणी दुप्पट. मात्र चारही घट एकाच जातीचे, एकाच वयाचे आणि सारखे भरलेले हवेत. ओळीत एक घट अशक्त असला की बाकीचे त्याला फरफटत नेतात आणि तो उलटा भरू लागतो. बैलजोडीत एक बैल म्हातारा असला की काय होते, ते शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणून अशी बॅटरी जाणकाराकडून, घटांचा समतोल राखणाऱ्या मंडलासह, डाग लावून घ्यावी. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ साली अमेरिका आडवी पार करणाऱ्या शर्यतीत दोघांचा संघ करून उतरले आणि त्यांनी ती पुरी केली. त्या शर्यतीत रात्री स्वाराच्या मागे दिवे लावलेली मोटार चालते. आपल्यामागे मोटार आली तर ती हॉर्न वाजवण्यासाठीच.

डायनॅमोची आठवण काहीजण मनात करीत असतील. चाकाच्या तुंब्यात बसणारा नवा डायनॅमो सहा व्होल्ट, तीन वॅट देतो आणि एल.ई.डी.ला तेवढे पुष्कळ झाले. शिदोरीच नको, रस्ताच जेवू घालतो. मला ही कल्पना फार आवडते. पण तो महाग, आणि आपल्याकडे सहज मिळत नाही. टायरला घासणारा जुना प्रकार मात्र पावसात ओल्या टायरवरून घसरतो, म्हणजे नेमका गरज असताना रुसतो. आणि चढावर वेग मंदावला की दोघांचाही उजेड मंदावतो.

पावसाचे नाव निघाले आहे. रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि उरलेले आठ महिने समुद्रावरचा खारा वारा असतो. परगावच्या माहितीपत्रकात याचा विचार नसतो. स्प्रिंगवर आणि पितळी टोकांवर हिरवा कळंक चढतो. त्याने जोडात ०.२ ओहम एवढा जरी विरोध निर्माण झाला, तरी दोन अँपिअर प्रवाहाला ०.४ व्होल्ट तेथेच मरतात. म्हणजे शिदोरीचा दहावा हिस्सा कळंकाने खाल्ला. आमच्या मिरकरवाड्याकडे राहणाऱ्या मंडळींनी महिन्यातून एकदा टोके कोरड्या फडक्याने पुसावीत आणि व्हॅसलीनचे बोट फिरवावे. दिव्याच्या रबरी कडीत रेतीचा एक कण अडकला तरी पाणी आत जाते. चार्जिंगच्या छिद्राचे रबरी बूच नीट बसते की नाही, हे विकत घेतानाच दाबून पाहावे. आणि बॅटरी दांड्याखाली निराळी बांधणार असाल तर वायर दिव्याकडे जाण्यापूर्वी तिला खाली एक वळसा द्या, म्हणजे पाणी वायरवरून ओघळत आत न शिरता त्या वळशावरून टपकेल. घराच्या छपरावरून आत येणाऱ्या वायरीला वायरमन असाच वळसा देतो, तो शोभेसाठी नसतो.

पावसाबरोबर वीज जाते, हाही आपला अनुभव. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर मंडणगड-दापोलीकडच्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. अशा वेळी उत्तम लिथियम घट असून करायचे काय? तेथे वाण्याच्या बरणीशेजारी टांगलेला साधा पेन्सिल सेल कामास येतो. मघाशी त्याची किंमत पुढे सांगतो म्हणालो ती हीच. म्हणून माझा दुसरा, लहान दिवा पेन्सिल सेलवरचा आहे. रोज त्यात निकेलचे भरलेले घट असतात, अडचणीला दुकानातले चालतात. तो अर्ध्या वॅटचा आहे. त्याने म्हैस लांबून दिसत नाही, पण मोठा दिवा अचानक गेला तर सायकल रस्त्याच्या कडेला घेण्यापुरता तो पुरतो. मागच्या लाल दिव्याला तर पाव वॅटही पुष्कळ. तेथे चमकणारी कागदी पट्टी आणि चिखलपंख्यावरचा परावर्तक यांना कसलीच शिदोरी लागत नाही, ती जरूर लावावीत.

ज्यांची सायकल पावसाळ्यात माळ्यावर जाते त्यांनी लिथियमचा घट पूर्ण भरून ठेवू नये आणि पूर्ण रिकामाही ठेवू नये. निम्मा भरून, थंड जागी ठेवावा. पूर्ण भरलेला घट उष्णतेत लवकर म्हातारा होतो. वैशाखातल्या उन्हात दिवा सायकलवर तसाच टाकून कचेरीत जाऊ नये, तो काढून बरोबर न्यावा. चोरीचीही भीती राहत नाही. शिसे-आम्लाची पेटी मात्र नेहमी पूर्ण भरूनच ठेवायची.

संपलेल्या घटांचे काय करावे, असे मला मागच्या रांगेतून एका भगिनींनी व्याख्यानापूर्वीच विचारले. ते केरात टाकू नयेत, आणि होळीत तर मुळीच नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेले घट परत गोळा करण्याची जबाबदारी ते विकणाऱ्या उत्पादकांवर आहे. तेव्हा दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ते एका कोरड्या डबीत जमवावेत, आणि नवा घट घ्यायला जाल तेव्हा ती डबी दुकानदारापुढे ठेवून जुने परत घेण्याविषयी त्याला विचारावे.